हॉलचा फोन आणि कोपरीचे कान

"नाव?"

"अहो, मुंडावळ्या घरी राहिल्यात. फोन द्या पटकन!"

"नाव?"

"मी नवऱ्याचा मामा."

"नातं मागनं. आदी नाव. मंग गाव. मंग फोन कोनाला. मंग कशापायी."

आमच्या गावकीच्या हॉलमध्ये फोन फुकट होता, पण तो हातात पडायच्या आधी भिवाजीच्या या चार प्रश्नांतून जावं लागायचं. भिवाजी हॉलचा वॉचमन. त्याला उजव्या कानानं कमी ऐकू यायचं, आणि आपल्याला ऐकू आलं नाही म्हणजे समोरच्यालाही आलं नसणार, अशा समजुतीनं तो प्रत्येक प्रश्न ओरडून विचारायचा. समोरचा मग उत्तरही ओरडून द्यायचा. स्टेजवरचे भटजी तेवढ्यापुरते थांबायचे.

ते चार प्रश्न माझे. मी काळुराम केणी, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आणि कोपरीच्या ग्रामस्थ मंडळाचा बिनविरोध सेक्रेटरी. बिनविरोध म्हणजे दुसरं कोणी उभं राहिलं नाही. पण नाही राहिलं, यालाही काही कारण असेलच ना?

फोन साधासुधा नव्हता, बिनतारी होता. गोष्ट नव्वद-एक्याण्णवची. घरी फोन मिळावा म्हणून मी अर्ज केला तेव्हा आमची शालू बालवाडीत होती. आता ती स्वतः शाळेत गणित शिकवत होती आणि तिचं लग्न ठरलं होतं, तरी आमचा नंबर यायचाच होता. हॉलला फोन होता, पण तो मॅनेजरच्या खोलीत, खोलीला कुलूप, आणि किल्ली आमचे अध्यक्ष धाकूशेठ यांच्या कमरेला. धाकूशेठ म्हणजे खाडीकाठच्या निम्म्या जमिनीचे मालक. त्यांना झोपेतून उठवून किल्ली मागण्यापेक्षा लोक मुंडावळ्यांशिवाय लग्न लावायचे.

अशात धाकूशेठचा पुतण्या दुबईहून तो सेट घेऊन आला. एक डबा, त्याला एरिअल, आणि हातात धरायला भरताच्या वांग्याएवढा काळा हँडसेट. खोलीतल्या फोनची तार बाहेर ओढून डब्याला जोडायची, डबा भिंतीपाशी ठेवायचा आणि वांगं घेऊन हॉलभर फिरायचं. नवरीच्या खोलीत, भटारखान्यात, गच्चीवर, कुठेही बोला. मी ताबडतोब मीटिंग बोलावली. घोडबंदर रोडला नवीन हॉल झालेला, त्यात म्हणे कारंजं होतं, आणि आमची दोन बुकिंगं त्या कारंज्यात वाहून गेली होती.

"त्यांच्याकडे कारंजं, आपल्याकडे फोन," मी म्हटलं. "मोफत. पाहुण्यांच्या सोयीसाठी."

"फुकाट?" धाकूशेठ खुर्चीत सरळ झाले. "सेक्रेटरी, फुकाट दिला त अख्खी कोपरी दुबईला फोन लावल."

म्हणून ते चार प्रश्न. माणूस कोण, कुठला, कोणाशी आणि कशासाठी बोलतोय हे कळलं की गैरवापर होत नाही, असा माझा कचेरीतला अनुभव. म्हणजे गैरवापर होतोच, पण कोणी केला ते कळतं.

उत्तरं लिहून ठेवावीत असं माझं मत होतं. पण हॉलसमोरच्या बिल्डिंगमध्ये राहणारे चौबळसाहेब आडवे आले. चौबळसाहेब निवृत्त, कायद्याचे जाणकार, आणि न विचारता सल्ला देण्याची त्यांची तयारी बाराही महिने असायची. "केणी, लेखी ठेवाल तर उद्या कुणीही मागेल. तोंडीच असू द्या. आणि दुसरं असं, की बिनतारी यंत्र बाळगायला परवाना लागतो. कल्पना आहे ना आपल्याला?"

नव्हती. मी एक किरकोळ रजा टाकून परवान्याच्या कचेरीत गेलो. कुठली ते सांगत नाही. मीही सरकारी माणूस आहे.

"बिनतारी?" खिडकीतले गृहस्थ म्हणाले. "पोलीस का?"

"नाही."

"जहाज?"

"नाही."

"मच्छीमार बोट?"

"हॉल आहे. लग्नाचा."

"लग्नाचं बिनतारी आमच्याकडे नाही." त्यांनी थोडा विचार केला. माणूस मनानं चांगला होता. "पाण्यापासून किती लांब आहे तुमचा हॉल?"

"मागेच खाडी आहे."

"मग बोट म्हणून अर्ज करा. पुढचं पुढे बघू."

सरकारी अर्जावर मी कधी खोटं लिहिलेलं नाही. आणि उद्या तपासणीला कोणी आलं तर हॉल तरंगवून कोण दाखवणार? मी परत आलो. "मिळाला परवाना?" आमच्या सौभाग्यवतींनी, गोदानं, विचारलं.

"विचाराधीन आहे."

"म्हणजे नाही," ती म्हणाली. हेडक्लार्कची बायको आहे शेवटी.

तरी नारळ फुटला आणि पाटी लागली: 'आपल्या सोयीसाठी मोफत बिनतारी दूरध्वनी सेवा. कृपया माहिती देऊन सहकार्य करावे.' लोक सहकार्य करू लागले. पण चौथा प्रश्न थोडा अडचणीचा ठरला. 'सहज' असं कारण सांगितलं की भिवाजी त्या माणसाला रांगेत मागे पाठवायचा, आणि अडचणीचं सांगितलं की पुढे घ्यायचा. लोकांना हे कळायला वेळ लागला नाही. बर्फ कमी पडला, बँडवाले आले नाहीत, क्रिकेटचा स्कोअर हवा, कारण एकच: मयत. एका रविवारी भिवाजीनं भर लग्नात इतकी मयतं ओरडून जाहीर केली, की नवरीची आजी पदर तोंडाला लावून रडायला लागली आणि तिला बघून व्याही मंडळींनी पानावरचे हात थांबवले.

आणि गोळा झालेली माहिती? ती भिवाजीच्या डोक्यात राहायची आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर बाहेर पडायची. टपरीवर धाकूशेठ बसलेले असायचे. बाराबंगल्याकडच्या एका बाईंनी हॉलमधून बहिणीला फोन केला, की आमच्या मुलीला बघायला येणार आहेत. बघायला येणारे पाहुणे पोचायच्या आधी त्यांच्या दारात धाकूशेठ पोचले, हॉलच्या मोकळ्या तारखा घेऊन. त्यांच्यामागे केटरर. केटररच्या मागे बँडवाला.

त्या बाई माझ्याकडे आल्या. "केणीभाऊ, अजून मुलानं मुलीचं तोंड पाहिलं नाही, आणि तुमचा माणूस विचारतोय जिलेबी किती किलो!"

"आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे," मी म्हटलं. ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघतं.

धाकूशेठना सांगितलं तर ते म्हणाले, "तकरार कशाची? सेवा हाय ती!"

त्याच सुमारास कोपरीत एक बदल दिसू लागला. दुपारच्या वेळी गल्ल्या शांत. नळावर भांडणं नाहीत. स्टेशनजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे माणसं उभी. आमच्या घरात रेडिओ कपाटावर धूळ खात पडलेला, तो गोदानं पुसून खाली काढला आणि मला सेल आणायला सांगितले. टीव्हीच्या दिवसांत लोक पुन्हा श्रवणाकडे वळताहेत, याचा मला इतका आनंद झाला की मंडळाच्या मीटिंगमध्ये मी तसा अभिनंदनाचा ठराव मांडला. सगळे माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होते. ठराव मात्र एकमतानं पास झाला.

मग एका रविवारी मी बाजारात मनुबाईकडे मासळी घ्यायला गेलो. मनुबाई कोळीण, तिचं घर हॉलच्या भिंतीला भिंत लागून. मी बांगड्याला हात लावला तशी ती म्हणाली, "बांगरा नको घेवस रं कालूराम. तुना पित्त हाय ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"तूच त सांगीत होतास. साडूला. रातचा घसा जलतं म्हनून."

मी साडूला सांगितलं होतं, हे खरं. पण हॉलच्या फोनवरून, हॉलच्या मागच्या व्हरांड्यात एकटा उभा राहून.

मनुबाईनं इकडेतिकडे बघितलं आणि पुढे वाकली. "रेडिवचा काटा हाय ना, तो पार शेवटाला न्यावाचा. जिथं कोन नाय बोलत, तिथं. तिथं तुजा हॉल लागतं." आणि मग माझा चेहरा बघून ती इतकी हसली की तिला टोपलीचा आधार घ्यावा लागला. "तुना ठाव नाय? अरं, आमाना वाटलं तूच चालू केलंस! गावासाठी!"

मी मासळी न घेताच निघालो. पाय घराकडे जात होते आणि डोकं गेल्या दोन महिन्यांत त्या वांग्यात काय काय बोललो ते आठवत होतं. पित्ताचं ठीक आहे. पण साडूला मी म्हटलं होतं, की आमचा अध्यक्ष म्हणजे खुर्चीवर ठेवलेलं पोतं. आणि गेले पंधरा दिवस धाकूशेठ मला बघितलं की म्हणत होते, "या सेक्रेटरी, पोतं आयलंय बगा." मला वाटलेलं त्यांच्याकडे तांदूळ आलाय. मी दोनदा विचारलंही होतं, काय भाव?

चौबळसाहेबांना मी 'वाळवी लागलेलं कायद्याचं पुस्तक' म्हटलं होतं. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं आणि मी ते वयावर घालवलं होतं. आणि गोदा! तिच्याच बहिणीच्या नवऱ्याशी बोलताना मी नुसतं एवढंच म्हटलं होतं की आमच्या घरी कालवणात मीठ जरा जास्त पडतं. त्यानंतर आमच्या घरात मीठच पडत नव्हतं. मी निमूटपणे जेवत होतो.

काय झालं असेल ते चौबळसाहेबच सांगू शकले असते, पण विचारायला तोंड नव्हतं. यंत्र बोललेलं हवेत सोडत होतं आणि आसपासचे रेडिओ ते झेलत होते, एवढं मलाही समजलं. तरी स्वतःच्या कानांनी खात्री केल्याशिवाय कारवाई करायची नाही, हा कचेरीचा शिरस्ता. जेवण झाल्यावर मी मनुबाईच्या घरी गेलो.

आत दहाबारा बायका दाटीवाटीनं बसलेल्या. कोणी तांदूळ निवडत होतं, कोणी सोडे साफ करत होतं. मध्ये स्टुलावर रेडिओ. आणि रेडिओच्या सगळ्यात जवळ, मांडी घालून, आमची गोदा.

"तू?" मी म्हटलं.

"आपल्याकडचे सेल संपलेत," ती म्हणाली. ओशाळली वगैरे अजिबात नाही. उलट म्हणाली, "बसा. अजून काही सुरू नाही झालं."

मी बसलो नाही. तेवढ्यात रेडिओ खरखरला, घंटी वाजली, आणि पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "हॅलो?"

"हरेश्वर? मी शालू."

हरेश्वर म्हणजे आमचा होणारा जावई, विठ्ठलवाडीचा. त्यांच्या घरी फोन होता, ही त्या स्थळातली मोठी जमेची बाजू. लग्न मे महिन्यात, अर्थातच आमच्या हॉलमध्ये. सेक्रेटरीच्या मुलीचं लग्न! स्टेजला नवा रंग मी त्यासाठीच मंजूर करून घेतला होता.

"हॉलच्या गच्चीवरून बोलतेय," रेडिओतली शालू म्हणाली. "पीसीओवर मागे माणसं उभी असतात. इथं कोणी ऐकत नाही."

सोडे साफ करणाऱ्या बाईनं तोंडात पदर कोंबला.

"हरेश्वर, मला एक सांगायचंय. बाबांना सांगायचा धीर होत नाही. हे लग्न..."

मी पुढे झालो आणि रेडिओ बंद केला.

मग असा काही गलका उठला! "अरं, काय केलंस!" "चालू कर, चालू कर!" मनुबाई म्हणाली, "माजा रेडिव हाय तो!" आणि सगळ्यांत वरचा आवाज गोदाचा. "अहो, लावा आधी! माझी मुलगी आहे ती!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

पोरीला जे बापाला सांगता येत नाही, ते बापानं असं सोडे निवडणाऱ्या बायकांत उभं राहून ऐकायचं? मला ते जमेना. गोदा मात्र उठली आणि शेजारच्या घरात पळाली. कारण रेडिओ एक बंद झाला तरी कोपरीत बाकीचे चालू होते. भिंतीपलीकडून, खिडकीतून, माडीवरून, सगळीकडून माझ्या मुलीचा आवाज झिरपत होता. शब्द कळायच्या आत मी कानात बोटं घातली आणि हॉलकडे धावत सुटलो.

भर दुपारी, कानात बोटं घालून धावणारा हेडक्लार्क. वाटेत माझी डावी चप्पल निघाली. बोटं काढल्याशिवाय ती उचलता येईना, म्हणून तशीच सोडली.

हॉलच्या जिन्याखाली तो डबा होता आणि डब्यासमोर भिवाजी हात पसरून उभा राहिला. त्याचे ओठ हलले. मी बोटं थोडी सैल केली.

"नाव?"

"भिवाजी, अरे मी!"

"मी कोन? सेक्रेटरीचा हुकूम हाय. कोनालाबी सोराचा नाय."

"मीच सेक्रेटरी आहे!"

"मंग तुमाना त नियम ठावच हाय. गाव?"

"कोपरी!"

"कोनाला फोन?"

"कोणालाही नाही!"

"मंग कशापायी?"

"मयत!" मी जीव तोडून ओरडलो, जिन्यातून पार गच्चीपर्यंत पोचेल असा. भिवाजी तत्काळ बाजूला झाला. मी वायर धरून ओढली. वायर निघाली, तिच्याबरोबर प्लग, प्लगबरोबर लाकडी बोर्ड, आणि बोर्डामागून हातभर प्लास्टर माझ्या डोक्यावर आलं.

कोपरी गप्प झाली. आणि मग घराघरांतून एकच "अरेरेरे!" उठला, भरवशाचा बॅट्समन शेवटच्या ओव्हरमध्ये बाद व्हावा तसा.

शालू जिना उतरून आली. हातात ते वांगं. "बाबा, फोन बंद पडला. ऐन वेळी." मग तिनं माझ्या केसांतलं प्लास्टर बघितलं, एका पायातली चप्पल बघितली. "काय झालं?"

मी सांगितलं. ती हळूहळू जिन्याच्या पायरीवर बसली.

"म्हणजे सगळ्यांनी ऐकलं?"

"मी नाही ऐकलं. मी बंद केला."

"म्हणजे कोपरीत ज्या एका माणसाला कळायला नको होतं, तेवढा सोडून सगळ्यांना कळलं?"

"तसंच म्हणायचं," मी म्हटलं. ती हसत होती की रडत होती ते मला कळेना. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

घरी जाणारी ती गल्ली मी जन्मात विसरणार नाही. धाकूशेठ टपरीवरून उठून आले, पोत्याचं विसरून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सेक्रेटरी, मनाला नको लावून घेवस. पोरी आजकालच्या." चौबळसाहेब गॅलरीत उभे होते. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. "केणी, ती सज्ञान आहे. कायदा तिच्या बाजूनं आहे, एवढं लक्षात घ्या."

"सांगू नका!" मी म्हटलं. "कोणी मला काही सांगू नका!"

लग्न मोडलं, याबद्दल माझी खात्री पटत चालली होती. समोरून येणारा प्रत्येक जण ते ओठांवर घेऊन येत होता. एका म्हातारीनं तर नुसती मान हलवली आणि माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

घरी आलो. गोदा आधीच आलेली, डोळे लाल. "मी सांगते तुम्हाला," ती म्हणाली.

"नको. तू नको सांगूस."

मी खोलीतून स्वयंपाकघरात गेलो, तिथून परत दारापर्यंत आलो. पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. शालू खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती. शेवटी तिच्यासमोर उभा राहिलो.

"शालू, तुला हे लग्न मोडायचंय का? मोडायचं असेल तर मोडू. मी विठ्ठलवाडीला जातो, त्यांच्या पाया पडतो. पण मला तू सांग."

"मोडायचंय?" ती उठून उभीच राहिली. "नाही हो बाबा! हे लग्न आपल्या हॉलमध्ये नको, एवढंच म्हणाले मी!"

मी खाली बसलो. आनंदानं. तो आनंद अर्धा मिनिट टिकला असेल.

"हॉलमध्ये नको? माझ्या हॉलमध्ये?"

"बाबा, तिथं शिंकलं तरी भिवाजीकाका कारण विचारतात. धाकूशेठ मला आत्तापासून बाळंतपणाच्या डॉक्टरचा पत्ता देऊन गेलेत. मला रजिस्टर लग्न करायचंय. आपली चार माणसं. त्या दिवशी मी रडले, हसले, घाबरले, तर ते माझं मला असू दे ना."

मला लागलं. खोटं कशाला बोलू, खूप लागलं. स्टेजचा तो नवा गुलाबी रंग डोळ्यांसमोर आला. पण दुपारी कानात बोटं घालून पळालेला माणूस तिला नाही कसं म्हणणार?

"हरेश्वर काय म्हणाला?" मी विचारलं.

"तेच तर!" ती म्हणाली. "तो म्हणाला, 'शालू, खरं सांगू का...' आणि फोन बंद पडला."

म्हणजे कोपरी तिथं अडकली होती. आणि आता आम्हीही. हॉलचा फोन प्लास्टरखाली, पीसीओवर शालू येईल म्हणून आधीच रांग लागलेली, आणि रांगेतल्या एकालाही फोन करायचा नव्हता. शालू खिडकीशी जाई, परत येई. गोदा एकच कप तिसऱ्यांदा विसळत होती. मी वर्तमानपत्र उलटं धरून बसलो होतो, हे गोदानं सांगेपर्यंत मला कळलं नाही.

दिवेलागणीला दारात स्कूटर थांबली. हरेश्वर. पांढरा सदरा, केस विस्कटलेले, हातात पिशवी. पिशवीतून पांढऱ्या फुलांचा हार डोकावत होता. मी दार उघडलं तसा तो दोन पावलं मागे सरला.

"तुम्ही..." तो म्हणाला. "तुम्ही आहात?"

"म्हणजे?"

"नाही, फोन बंद पडायच्या आधी कोणीतरी 'मयत' म्हणून ओरडलं. शालू त्याआधी तुमच्याबद्दलच बोलत होती, म्हणून मला वाटलं..." आणि त्यानं पिशवी पाठीमागे लपवली.

विठ्ठलवाडीहून एवढ्या लांब, मान खाली घालून, स्कूटरवर तो माझ्या मयताला आला होता. पोरगा मला त्याच क्षणी आवडला.

गल्ली भरली. मनुबाई आली, धाकूशेठ आले, भिवाजी आला, चौबळसाहेब गॅलरीतून खाली उतरले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न: 'खरं सांगू का'च्या पुढे काय? मी हरेश्वरला आत घेतलं. खिडक्या लावल्या. गोदाला म्हटलं, "चल बाहेर."

"मी? मी आई आहे!"

"मीही बाप आहे. चल."

दार बाहेरून ओढून घेतलं आणि आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर पायरीवर बसलो. मनुबाईला ते पटेना. "तू आत नाय गेलास? बाप हायस का कोन?"

"त्यांना बोलू दे," मी म्हटलं. "तुम्ही जा घरी."

कोणी गेलं नाही. पण आश्चर्य म्हणजे कोणी दाराजवळही आलं नाही. धाकूशेठ कट्ट्यावर टेकले. कोणीतरी टपरीवरून चहा आणला. आतून नुसतं पुटपुटणं, मग शालूचं हसू. गोदानं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता.

दार उघडलं. शालू म्हणाली, "आई, बाबा, आत या ना. बाहेर काय बसलात?"

"काय ठरलं?" धाकूशेठनी विचारलंच.

तिनं माझ्याकडे बघितलं. मी उठलो. सेक्रेटरी म्हणून आजवर एवढ्या घोषणा केल्या, पण ही करताना हातात कागद नव्हता. "लग्न ठरल्याप्रमाणे होईल," मी म्हटलं. "आपल्या हॉलमध्ये नाही."

"मंग कुठं?" धाकूशेठ ताडकन उभे राहिले. "कारंज्यात?"

लग्न रजिस्टर झालं. त्यातही एक गंमत झाली: खासगी लग्नासाठी सरकार आधी महिनाभर नवरानवरीचं नाव, गाव, वय कचेरीच्या फलकावर लावतं. धाकूशेठ केवळ ते वाचायला ठाण्याला जाऊन आले. पण लग्नाला खरंच आपली माणसं होती. शालू सही करताना रडली. कोणी बघितलं नाही. मी बघितलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

हॉलचा फोन पुन्हा तारेवर आला. जिन्याखाली दार असलेली एक खोपटी करून घेतली, आत जाऊन कडी लावायची आणि बोलायचं. ठराव मीच मांडला. आता कोणालाही काही विचारायचं नाही असं भिवाजीला सांगितलं, तेव्हा तो काही दिवस आजाऱ्यासारखा दिसत होता.

लग्नाचं जेवण आम्ही चौबळसाहेबांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवलं. मनुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यावर अबोलीची वेणी माळून आली. जेवण झालं, पान झालं, तरी ती हलेना. मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "कालूराम, आता त सांग. त्या दिसा पोरगा काय बोलला?"

"मला माहीत नाही, मनुमावशी. मी विचारलं नाही."

"नाय विचारलंस? अजून?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच मयत. शालू शेजारून पाण्याचे ग्लास घेऊन जात होती. तिनं ऐकलं. ती थांबली, ग्लास माझ्या हातात दिले, आणि मनुबाईच्या गळ्यात हात टाकून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. बराच वेळ म्हणत होती. मनुबाईचं तोंड हळूहळू उघडलं, मग तिनं शालूचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

शालू गेली. मी ग्लास धरून तसाच उभा होतो. कोपरीतल्या कोणत्या घरात काय शिजतं ते बाजाराला सांगणारी ती बाई, तिनं डोळे पुसले आणि चपला शोधायला लागली.

"काय म्हणाली?" मी शेवटी विचारलंच.

"तुना रं कशाला सांगू?" मनुबाई म्हणाली, आणि जिना उतरून गेली.